पोटातल्या इंजेक्शनांचे पस्तीस दिवस: रक्ताची गुठळी रोखणारं औषध घरी देताना

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या रांगेत शेवटी एक ओळ असते: 'इंज. एनॉक्सापॅरिन ४० मि.ग्रॅ., एस.सी., ओ.डी.', म्हणजे कातडीखाली, दिवसातून एकदा. पेशंट घरी आलेला असतो, सामान अजून पिशव्यांतच असतं आणि दिवेलागणीला मला फोन येतो, "सिस्टर, ते पोटातलं इंजेक्शन द्यायला याल का?" कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात मी अशी घरोघरी जाते. टोचायला एक मिनिट लागतं. तरी पहिल्या दिवशी मी अर्धा तास बसते आणि घरातल्या एकाला शेजारी बसवून सगळं समजावते.

इतक्या वर्षांत सुई वाकडी लागल्यामुळे कुणाचं मोठं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. जे बिघडलं ते बाकीच्या गोष्टींमुळे: किडनी अधू आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, गुडघा दुखतो म्हणून कुणी दुसरीकडून वेदनाशामक आणलं होतं, 'आता बरं वाटतंय' म्हणून दहाव्या दिवशी कुणी इंजेक्शन बंद केलं होतं. या सगळ्या गोष्टी घरातल्या माणसांच्या हातात असतात.

रक्त खरंच पातळ होतं का?

नाही. रक्त होतं तेवढंच दाट राहतं, फक्त ते गोठायला वेळ लागतो. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन असतं. गोठण्याची क्रिया हाताबाहेर जाऊ नये म्हणून ते लगाम धरून बसलेलं असतं. हेपॅरिन हे औषध त्या लगामाला जोर देतं. एनॉक्सापॅरिन म्हणजे हेपॅरिनच्या लांब साखळीचे केलेले छोटे तुकडे, आणि त्यांचा रोख मुख्यतः 'फॅक्टर टेन-ए' या घटकावर असतो. झालेली गुठळी हे औषध विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही आणि जुनी गुठळी विरघळवायला शरीराला सवड मिळवून देतं. म्हणून चार दिवसांत पायाची सूज उतरली नाही तर 'औषध लागू पडत नाही' असं समजू नका.

हेपॅरिनचा शोध १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लागला. जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी कुत्र्याच्या यकृतावर काम करत होता. ग्रीक भाषेत यकृताला 'हेपार' म्हणतात, त्यावरून नाव पडलं. आज हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण काही घरांना ते आधी कळणं महत्त्वाचं वाटतं. तसं असेल तर मनात ठेवू नका, डॉक्टरांशी बोला. फोंडापॅरिनक्स नावाचं पूर्णपणे कृत्रिम रीतीने बनवलेलं इंजेक्शन आहे, पण ते त्या पेशंटला चालेल का, हे किडनी आणि आजार पाहून डॉक्टरच ठरवतील.

कुणाला आणि किती दिवस

खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजीआजोबा हे माझे नेहमीचे पेशंट. माणूस पलंगावर पडून राहतो, पोटरीच्या शिरांत रक्त साचतं, त्यात ऑपरेशनमुळे गोठण्याची यंत्रणा आधीच चेतलेली असते. तिथे झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. ती होऊ नये म्हणून बहुतेकांना दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम देतात. गुडघ्यासाठी निदान १० ते १४ दिवस, खुब्यासाठी ३५ दिवसांपर्यंत. पोटातल्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर अनेकदा चार आठवडे. टाके निघाले म्हणजे मुदत संपली असं होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

गुठळी झालेलीच असेल तर डोस वजनावर ठरतो: दर किलोला १ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने दोनदा. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम सकाळी आणि ६० रात्री. कधी दर किलोला दीड मिलिग्रॅम असा दिवसातून एकच डोस देतात. इथे वजन अंदाजाने सांगून भागत नाही. "असेल साठ-बासष्ट" असं आजोबांच्या बाबतीत सांगितलं गेलं आणि काट्यावर पन्नास भरलं, असं मी स्वतः पाहिलं आहे. उभं राहता येत नसेल तर रुग्णालयातून निघण्यापूर्वीच वजन करून घ्या.

गरोदरपणातही हे इंजेक्शन दिलं जातं, कधी कधी महिनोन्‌महिने. ते वारेतून बाळाकडे जात नाही, हा त्याचा मोठा गुण. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या मात्र जातात. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ते चालतं.

कोविडच्या दोन वर्षांत ही इंजेक्शनं पुण्यातल्या घराघरांत माहिती झाली आणि त्याबरोबर डी-डायमरची, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणाऱ्या तुकड्यांची, तपासणी स्वतःहून करून घ्यायची सवयही लागली. ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर डी-डायमर वाढलेलाच असतो. तो आकडा पाहून आपणच इंजेक्शन सुरू करायचं किंवा दुप्पट करायचं, हे कधीही करू नका.

खोका उघडण्यापूर्वी

पहिला गोंधळ आकड्यांचा. कार्डावर ४० लिहिलेलं असतं आणि काही खोक्यांवर ४००० दिसतं. लोक घाबरून केमिस्टकडे परत जातात. १ मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन म्हणजे १०० युनिट. ४० मिलिग्रॅम, ४००० युनिट आणि ०.४ मिलिलिटर ही एकाच सिरिंजची तीन नावं आहेत.

दुसरी गोष्ट नावाची. कंपनी बदलली तरी आत एनॉक्सापॅरिनच असेल आणि मिलिग्रॅम तेच असतील तर डॉक्टरांना एक फोन करून ते घेता येतं. पण साधं हेपॅरिन, डाल्टेपॅरिन, फोंडापॅरिनक्स ही वेगळी औषधं आहेत. त्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. "हे नाहीये, पण त्यातलंच आहे" असं दुकानात ऐकलं तर तिथूनच डॉक्टरांना फोन लावा. एनॉक्सापॅरिन केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर मर्यादा आहे. पस्तीस इंजेक्शनांचा खर्च जाणवतोच. जनऔषधी केंद्रात जरूर विचारून पाहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किडनी. हे औषध शरीराबाहेर जातं ते मुख्यतः किडनीवाटे. किडनी मंदावली असेल तर औषध साचत जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंटच्या अंगात कार्डावरच्या डोसपेक्षा बरंच जास्त औषध असतं. किडनीचं काम एका ठरावीक मर्यादेखाली गेलं की डोस कमी करतात. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, शेवटचा रिपोर्ट काढा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हा पाहून डोस ठरवलाय ना?" यात संकोच नको. सडपातळ वयस्कर बाईचं क्रिएटिनिन कागदावर ठीक दिसतं, पण वय आणि वजन धरून हिशेब केला की किडनी अर्धीच चालताना आढळते. अशा आज्या माझ्या यादीत खूप आहेत.

पूर्वी कधी हेपॅरिन घेऊन प्लेटलेट कमी झाल्या होत्या का, पोटात अल्सर आहे का, मेंदूत रक्तस्राव होऊन गेला आहे का, हेही सांगा. रुग्णालयात विचारलं नसेल तर आपण होऊन सांगायचं.

टोचायचं कसं

वेळ रोज एकच ठेवा. माझ्या घरांत रात्री आठच्या सुमाराची वेळ सोयीची पडते, कारण तेव्हा घरात कुणीतरी असतं.

हात साबणाने धुवा. पेशंटला पाठीवर आडवं किंवा मागे रेलून बसवा, पोट सैल हवं. जागा बेंबीपासून निदान चार बोटं लांब, कुशीच्या बाजूला. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. टाके, जुना व्रण, कालचा काळानिळा डाग, गर्भारपणाच्या रेषा हे सगळं टाळा. स्पिरिटने पुसा आणि ते आपोआप वाळू द्या. ओल्यावर टोचलं की झोंबतं, आणि बोटं निसटतात ती वेगळीच.

सिरिंजचं टोपण सरळ ओढून काढा, पिळू नका. आत हवेचा बुडबुडा दिसेल. इतर इंजेक्शनांत बुडबुडा काढतात म्हणून लोक इथेही काढायला जातात आणि त्याबरोबर औषधाचे दोन थेंब उडवून बसतात. सिरिंजमधलं सगळं औषध द्यायचं असेल तर बुडबुडा तसाच राहू द्या. सुई खाली धरली की तो दट्ट्याच्या बाजूला वर जातो आणि शेवटचा थेंब आत ढकलतो. सिरिंजमधलं थोडंच औषध द्यायचं असेल तर मात्र जादा भाग कसा काढायचा हे नर्सकडून समोर शिकून घ्या, वाचून करू नका. सुईच्या टोकावर थेंब लोंबत असेल तर सुई खाली धरून हलकी टिचकी मारा. तो थेंब कातडीतून जाताना वाटेत पसरला की डाग मोठा पडतो.

आता अंगठा आणि बोटांच्या मधे पोटाची कातडी चरबीसकट उचलून धरा, चांगल्या जाड चिमटीत. सुई अगदी सरळ, काटकोनात, एका दमात पूर्ण आत. इथे तिरपी सुई लोक इन्सुलिनच्या आठवणीने धरतात, तशी धरू नका. दट्ट्या सावकाश दाबा. मी मनात दहापर्यंत मोजते. चिमटी शेवटपर्यंत सोडायची नाही. औषध संपलं की सुई जशी घातली तशीच सरळ बाहेर, आणि मग चिमटी सोडा. काही सिरिंजना सुई झाकणारी नळी असते, सुई बाहेर आल्यावर दट्ट्या जोराने दाबला की ती खट्‌कन पुढे सरकते.

चोळू नका. हे मी दोनदा सांगते, कारण आपला हात आपोआप तिथे जातो. कोरडा कापूस मिनिटभर हलका दाबून धरा, पुरे.

एखाद दिवशी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सुटलेला जाऊ द्या आणि डॉक्टरांना कळवा. दोन डोस एकत्र कधीही नाहीत.

शक्य असेल तर पेशंटने स्वतःच शिकावं, असं माझं ठाम मत आहे. कर्वेनगरमध्ये एका सत्तरीच्या काकूंनी चौथ्या दिवशी सिरिंज माझ्या हातातून घेतली. पुढचे तीस दिवस त्यांनी एकटीने निभावले आणि कॅलेंडरवर 'डा' आणि 'उ' लिहून ठेवलं. मला त्यांनी फक्त डाग दाखवायला बोलावलं.

डाग कोणता साधा, कोणता नाही

रुपयाएवढा काळानिळा डाग, थोडी दुखरी गाठ, हलकी खाज हे बहुतेकांना होतं आणि आठवड्याभरात विरतं. पोट डागांनी भरलं म्हणून इंजेक्शन बंद करायचं नसतं. पण डाग रोज पसरत असेल, पोट एका बाजूला कडक फुगत असेल, किंवा टोचल्याजागी कातडी काळी पडून फोड येत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

दात घासताना हिरड्यांतून थोडं रक्त आलं तर ब्रश मऊ करा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. घोळणा फुटला तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घड्याळ लावून दाबून धरा. तरी थांबला नाही तर निघा.

पुढच्या गोष्टींत मात्र सकाळची वाट पाहू नका. डांबरासारखी काळी शी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, लालभडक लघवी. अचानक तीव्र डोकेदुखी, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं. कंबरेत किंवा कुशीत अचानक दुखून घाम फुटणं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं, कारण रक्तस्राव पोटाच्या मागच्या बाजूला आत, न दिसणाराही होतो. पाठीत भूल दिलेली असेल तर पायात नव्याने बधिरपणा, ताकद जाणं किंवा लघवी-शीवरचा ताबा सुटणं. हे मणक्यात रक्त साचल्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे तास मोजावे लागतात. १०८ ला फोन करा. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: कोणतं इंजेक्शन, किती मिलिग्रॅम, शेवटचं किती वाजता दिलं. प्रोटामिन नावाचा उतारा आहे. तो औषधाचा असर पूर्ण नाही, पण बराच उतरवतो, आणि तो किती द्यायचा हे त्या डोसवर आणि वेळेवर ठरतं.

पडणं हाही तितकाच गंभीर विषय. डोक्याला मार लागला, मग टेंगूळ छोटं असो की मोठं, रुग्णालय गाठायचं. हा कोर्स चालू असेपर्यंत तरुण पेशंटनीही दुचाकी घरी ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजीच्या खोलीतल्या सतरंज्या उचला, बाथरूमला रात्रभर दिवा ठेवा.

उलट बाजूही असते. इंजेक्शन चालू असताना एकच पाय सुजला, पोटरी गरम होऊन दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली तर औषध चालू असूनही गुठळी झाली असू शकते.

सोबत काय चालत नाही

वेदनाशामक गोळ्या हा सगळ्यात मोठा घोटाळा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्यांनी पोटाच्या अस्तराला इजा होते आणि प्लेटलेटही सुस्त होतात. त्यात हे इंजेक्शन असेल तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आधीपासून चालू असेल तर ते आपल्या मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून घ्या. दुखण्याला साधारणपणे पॅरासिटामॉल चालतं.

दुसरी खास आपल्याकडची सवय म्हणजे कंबरेतलं इंजेक्शन. फार दुखतंय म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेतात आणि तिथे वेदनाशामक इंजेक्शन कंबरेत दिलं जातं. एका आजोबांच्या कुल्ल्यात असं दिल्यानंतर रक्त साचून नारळाएवढी गाठ झाली होती. त्यांनी पोटातल्या इंजेक्शनाचा उल्लेखच केला नव्हता, आणि तिथे कुणी विचारलंही नव्हतं. स्नायूत द्यायचं कोणतंही इंजेक्शन, दात काढणं, दुर्बिणीची तपासणी, पाठीत सुई, यांतल्या प्रत्येक वेळी आधी सांगा.

बाळंतिणीच्या घरी मालिशवाल्या मावशींशी मी स्वतः बोलते. पोट रगडायचं नाही, पोटरी दाबायची नाही. ज्या पायात गुठळी आहे त्या पायाला मालिश अजिबात नको. पोट घट्ट बांधण्याविषयी बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना विचारा.

गुग्गुळाच्या गोळ्या, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क हे डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद नेहमीसारखी चालू द्या. पालेभाज्यांचं पथ्य या इंजेक्शनाला नाही. ते वॉरफरिन, एसिनोकुमेरॉल या गोळ्यांना आहे, आणि तिथेही भाजी बंद करायची नसते, फक्त प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं. तीन आठवडे मेथी-पालक न खाल्लेल्या पेशंटना मी हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

तपासण्या, आणि गोळ्यांवर जाताना

आय.एन.आर. ही वॉरफरिनसारख्या गोळ्यांनी रक्त गोठायला किती उशीर लागतो ते पाहायची तपासणी. या औषधासाठी ती करून काही कळत नाही. पाहायचं ते हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन. मधुमेही किंवा किडनीच्या पेशंटचं पोटॅशियमही, कारण या औषधाने ते वाढू शकतं. प्लेटलेटची गोष्ट नीट समजून घ्या. क्वचित, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, शरीर हेपॅरिनविरुद्ध उलटतं आणि प्लेटलेट निम्म्यावर येतात. नवल असं की यात रक्तस्रावापेक्षा नव्या गुठळ्यांचाच धोका जास्त. औषध लगेच थांबवून दुसरं द्यावं लागतं. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट उतरल्या की घरचे डेंग्यूच धरून बसतात, आणि लॅबच्या फॉर्मवर इंजेक्शनाचा उल्लेखही नसतो. तो स्वतः लिहा.

वॉरफरिन किंवा एसिनोकुमेरॉल सुरू झालं की त्याच दिवशी इंजेक्शन थांबवायचं नाही. गोळीचा असर यायला वेळ लागतो. निदान पाच दिवस दोन्ही चालतात, आणि आय.एन.आर. २ च्या वर सलग दोन दिवस राहिल्यावरच डॉक्टर इंजेक्शन सोडायला सांगतात. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळ्यांचं उलटं आहे: पुढच्या इंजेक्शनाच्या वेळी गोळी घ्यायची आणि इंजेक्शन बंद. दोन्ही एकत्र घेतलं तर घात होतो. आपली गोळी कोणत्या जातीची, हे कार्डावर लिहून घ्या.

साठवण आणि सुया

खोक्यावर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात दुपारी पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत खोका ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार खोलीतलं, भिंतीतलं कपाट चांगलं. फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेली सिरिंज फेकूनच द्यावी लागते.

वापरलेल्या सुईला परत टोपण बसवायला जाऊ नका, बोटाला तिथेच लागतं. फिनेलची किंवा डिटर्जंटची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली पलंगाजवळ ठेवा आणि सिरिंज थेट तिच्यात टाका. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरच्या सुयांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं. ओल्यात नाही, सुक्यातही नाही. आपल्या शहरात कचरा उचलतात त्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई तो हाताने वेगळा करतात, आणि सुक्या कचऱ्यातली एक सुई त्यांच्या तळहातात जाते. सॅनिटरी पॅडसाठी त्यांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. मी तोच ठिपका बाटलीवर मार्करने मोठा काढायला लावते, 'सुया' असं लिहायला लावते आणि झाकणावर चिकटपट्टी. ओळखीचा दवाखाना किंवा रुग्णालय घेत असेल तर तिथे द्या. नसेल तर ताईंच्या हातात देताना आत काय आहे ते तोंडाने सांगा.